आरती म्हणतात, पण पाणी मागता येत नाही

तुमचं पत्र लांब होतं. त्यातलं मुख्य तेवढं आधी लिहिते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडील ६७ वर्षांचे, बडोद्यात रावपुऱ्यात राहतात, विमा कचेरीतून निवृत्त. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात अजून लुळा आहे, काठी घेऊन चालतात. आपण बोललेलं बरंचसं समजतं, पण स्वतः बोलायला गेले की "तेच... तेच..." एवढंच निघतं. चिडले की मात्र गुजरातीत "अरे, जवा दे ने!" अगदी स्वच्छ. आणि संध्याकाळी आरती लावली की पहिल्या शब्दापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतात. सुरुवातीला महिनाभर भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. एक दिवस त्यांनी समोरच्या पाहुण्यावर पेला भिरकावला, तेव्हापासून तुम्ही दार लावून घेतलंत. आता त्यांच्या गणपती मंडळातले जुने मित्र म्हणतायत, "आमच्याबरोबर पाठवा, चार माणसांत आले की आपोआप बोलायला लागतील." आई म्हणते, लोक हसतील. आणि तुम्ही विचारता, माणसांत राहून माणूस खरंच बरा होतो, की ही नुसती म्हणायची गोष्ट?

मी २६ वर्षं बडोद्यात वाचा-उपचार करते. माझं उत्तर : होतो, खूपच. माझं भांडण आहे ते त्या मित्रांच्या "आपोआप" या शब्दाशी.

आधी वडिलांना झालंय काय ते नीट समजून घ्या, कारण मंडळातल्या लोकांनाही तुम्हालाच ते सांगावं लागणार आहे. याला वाचाघात म्हणतात. झटका आलेल्या साधारण तीन जणांमागे एकाला सुरुवातीला तो असतो. जीभ लुळी पडल्यामुळे बोबडं होणं वेगळं आणि हे वेगळं. इथे शब्द हरवलेले नसतात. मनात काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, पण त्या शब्दापर्यंत पोचायची वाट मोडलेली असते. बुद्धी, आठवणी, माणसांची पारख, मानापमान सगळं बऱ्यापैकी शाबूत. म्हणूनच पेला फेकला गेला. त्या दिवशी पाहुणा काय बोलत होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगते, तो वडिलांविषयी वडिलांच्या समोरच, मोठ्या आवाजात, आईशी बोलत असणार. "काही समजतं का हो यांना?" हे वाक्य मी या शहरातल्या शेकडो घरांत ऐकलंय.

मग आरती कशी येते? हे नवल नाही. एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी हे टिपून ठेवलंय की वाचा गेलेली माणसंही प्रार्थना, शिव्या, आकडे, वारांची नावं घडाघडा म्हणतात. साठ वर्षं रोज घोकलेली आरती मेंदूत सुट्या शब्दांची राहत नाही, एकसंध लादीसारखी बसलेली असते. तिच्यातला एक शब्द बाहेर काढून वापरता येत नाही. म्हणून त्यांना आरती येते आणि पाणी मागता येत नाही. "अरे, जवा दे ने" चंही तेच. त्यामुळे आरती ऐकून "बघा, बोलतात की! इतर वेळी प्रयत्नच करत नाहीत" असं कोणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. या एका वाक्याने माझे कितीतरी पेशंट गप्प झालेत.

पण आरती अगदीच कामाची नाही असंही नाही. १९७३ मध्ये बोस्टनमधल्या काही संशोधकांनी एक पद्धत मांडली : छोटं वाक्य चढ-उताराच्या सुरात म्हणायचं, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्यावर यायचं. ज्यांना समजतं बरं पण बोलणं निघत नाही, अशांना तिचा उपयोग होतो. म्हणजे तुमच्या वडिलांसारख्यांना. "पा-णी दे" हे तीन ठोक्यांत, दिवसातून दोन-तीनदा, खरंच तहान लागलेली असताना. सूर कोणता लावायचा आणि तो कधी काढून घ्यायचा हे तुमच्या उपचारतज्ज्ञांकडून समजून घ्या. मी तुम्हाला दोन ओळींत शिकवून उपयोग नाही.

आता माणसांबद्दल.

माणसांशी चांगले संबंध असणारे जास्त जगतात, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, त्यात भक्कम संबंध असणाऱ्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. पण वाचाघाताच्या बाबतीत मला दुसरा एक छोटासा अभ्यास जास्त बोलका वाटतो. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये २४ जुन्या पेशंटांना दोन गटांत विभागलं. एका गटाला आठवड्याला पाच तास, चार महिने, वाचा-उपचारतज्ज्ञाबरोबर गटात बसवून संवादाचे उपचार दिले. दुसऱ्या गटाची पाळी नंतर येणार होती. तोवर त्यांना घरात बसवून ठेवलं नाही, आठवड्याला तीन तास तरी कुठल्यातरी मंडळात, वर्गात, चर्चच्या गटात जायला सांगितलं. पहिला गट स्पष्टपणे सुधारला. दुसऱ्या गटात तशी सुधारणा झाली नाही. माणसं दोघांच्याही भोवती होती. फरक एवढाच की पहिल्या गटात प्रत्येकाला बोलायला जागा ठेवली जात होती.

त्याच्या दोन वर्षांनी, २००१ मध्ये, टोरांटोहून याच्या उलट बाजूचा अभ्यास आला. तिथे पॅट अराटो नावाच्या बाईंनी, नवऱ्याची वाचा गेल्यावर, १९७९ मध्ये अशा माणसांसाठी एक केंद्र काढलं होतं. तिथल्या आउरा केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटला काहीच शिकवलं नाही. २० स्वयंसेवकांना शिकवलं, वाचाघात झालेल्या माणसाशी कसं बोलायचं ते. आणखी २० जणांना नुसतं पेशंटबरोबर बसू दिलं. शिकलेल्या स्वयंसेवकांसमोर पेशंटही जास्त बोलते झाले, आपलं म्हणणं जास्त पोचवू लागले. शिकवणी त्यांची झालीच नव्हती.

हा निकाल वाचला तेव्हा मी या धंद्यात नवी होते आणि मला तो बोचला. कारण तोवर माझं काम म्हणजे चित्रांची कार्डं. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, प्रतापनगरचे, वर्षभर माझ्याकडे यायचे. वर्षअखेर त्यांना कात्री, छत्री, कंगवा, कुलूप अशी चाळीसेक चित्रं ओळखता येऊ लागली. मी खूश. एकदा त्यांच्या घरी गेले तर ते आतल्या खोलीत एकटे, बाहेर सहा माणसं जेवत गप्पा मारत होती. त्यांचं ताट आत जायचं. कुलूप म्हणता येणाऱ्या त्या माणसाशी दिवसभरात कोणी बोलतच नव्हतं. ती चूक घरच्यांइतकीच माझीही होती. मी त्यांच्या बायको-मुलांना एकदाही समोर बसवलं नव्हतं.

म्हणून तुमच्या वडिलांना चार माणसांत नेण्याआधी दोन माणसांना त्यांच्याकडे आणा. एका वेळी एकच. सकाळी दहाच्या सुमारास, कारण झटक्यानंतर येणारा थकवा संध्याकाळी जास्त असतो आणि थकवा आला की शब्द आणखी दूर जातात. टीव्ही बंद, पंखा चालेल. वीस मिनिटं पुरेत. येणारा माणूस असा निवडा ज्याच्याशी वडिलांचं पूर्वी भांडण व्हायचं : क्रिकेटवरून, राजकारणावरून, सेव-उसळ कोणाची चांगली यावरून. सहानुभूती दाखवायला येणारा नको. भांडणारा मित्र समोरच्याला धडधाकट समजून बोलतो, तेच हवं आहे.

त्या मित्राला आधी बाहेर ओटल्यावर बसवून एवढं सांगा. त्यांच्याकडे बघून बोल, आवाज चढवू नकोस, ते बहिरे नाहीत. लहान मुलासारखं "शाब्बास" म्हणू नकोस, पाठ थोपटू नकोस. एका वेळी एकच गोष्ट विचार, आणि विचारल्यावर मनात दहा मोज. दहा आकडे हा फार लांब वेळ आहे, करून बघा, जीव कासावीस होतो. आपल्या लोकांना शांतता सोसत नाही, तिसऱ्या आकड्याला आपण त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. शब्द अडला तर कोऱ्या कागदावर जाड पेनाने दोन-तीन पर्याय लिही, ते बोट ठेवतील. मग जे समजलं ते परत म्हणून खात्री करून घे : "म्हणजे तुला हे म्हणायचंय ना?" कारण वाचाघातात "हो" म्हणायचं असताना "नाही" निघणं नेहमीचंच आहे. आणि समजलं नाही तर समजल्याचं सोंग आणू नकोस. "मला नाही कळलं, आपण नंतर बघू" हे चालतं. सोंग त्यांना लगेच कळतं.

माणिकरावांच्या आखाड्याचं हे गाव. इथल्या जुन्या पिढीचा व्यायामावर फार विश्वास, त्यामुळे मित्र हमखास "म्हणा, क... ख... ग..." असं घटवून घ्यायला लागतात. प्रेमाने करतात, पण त्यांना ते करू देऊ नका. बाराखडीला उत्तर देण्यासारखं काही नसतं. "कालची मॅच कोणी घालवली?" या प्रश्नाला असतं.

घटवून घेण्यापेक्षा समोर वस्तू ठेवा. जुने फोटो, पंचांग, बडोद्याचा नकाशा, आजचं वर्तमानपत्र. नकाशाने माझ्याकडे फार काम केलंय. दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत बोट फिरवता फिरवता एक आजोबा थबकले, एका गल्लीवर दोनदा टकटक केलं आणि हसले. त्यांची सासुरवाडी तिथे होती. एक शब्द न बोलता त्यांनी अर्ध्या तासाची गोष्ट सांगितली. समोर बसलेल्या माणसाला ती गल्ली माहीत होती म्हणूनच ते जमलं. मला माहीत नव्हती. म्हणूनही मी गाववाल्यांना बोलावते.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडे ते महत्त्वाचं आहे. घरी मराठी, शाळा गुजराती, कचेरी गुजराती-इंग्रजी, भाजीवाल्याशी गुजराती. अशा माणसाची कोणती भाषा आधी परत येते यावर जुना वाद आहे. १८८१ मध्ये रिबो नावाचे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणाले, जी आधी शिकली ती टिकते. १८९५ मध्ये पित्र नावाचे फ्रेंच डॉक्टर म्हणाले, जी झटक्याच्या वेळी जास्त वापरात होती ती. प्रत्यक्षात बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, पण अपवाद पुष्कळ. माझ्याकडच्या एका आजींना नातवंडांची नावं येत नव्हती आणि घडिये, म्हणजे पाढे, गुजरातीत अठरापर्यंत यायचे. तेव्हा वडील मधेच गुजराती शब्द टाकतील, मराठी वाक्याचं शेपूट गुजराती होईल, त्यांना टोकू नका. "मराठीत बोला ना, बाबा" हे तर मुळीच नको. "लाव" म्हणाले तर आणून द्या, "आण" म्हणाले नाहीत म्हणून अडून बसू नका.

दोन माणसं महिनाभर नीट यायला लागली की मंडळाचा विचार करा. तिथे नेताना "या, बसा" असं खुर्चीत नुसतं बसवून ठेवायला नेऊ नका. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याशी लोक दोन मिनिटं बोलून पुढे जातात. त्यांना काम हवं, आणि ते केल्यावाचून कोणाचं तरी अडायला हवं. पूर्वी ते वर्गणीचा हिशेब ठेवायचे असं तुम्ही लिहिलंय. तो लगेच देऊ नका. वाचाघातात आकडेही घसरतात, चारचौघांत चूक निघाली तर ते परत घरात बसतील. पावतीपुस्तकं क्रमाने लावणं, निरांजनं मांडणं, आरतीला घंटा वाजवणं अशी कामं बरी. आरती तर त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. त्या पाच मिनिटांत ते कोणाहूनही कमी नसतात, ती पाच मिनिटं त्यांना मिळू द्या.

प्रसाद वाटायचं काम देणार असाल तर एक गोष्ट आधी मिटवा. उजवा हात चालत नाही, म्हणजे प्रसाद डाव्या हाताने दिला जाणार. एका मंडळात माझ्या पेशंटपुढे एक बाई हात पुढे करून थबकल्या, डावा हात बघून हात मागे घेतला. वाईट हेतू नव्हता, सवय होती. पण त्यानंतर तो माणूस चार महिने उंबरठ्याबाहेर पडला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मंडळाच्या वयस्कर काकांनी आधीच सगळ्यांदेखत स्वतः पुढे होऊन त्या डाव्या हातून प्रसाद घेतला, कपाळाला लावला, आणि विषय संपला. तुमच्या मंडळात असे काका कोण, ते तुम्हाला माहीत असेल. त्यांना आधी भेटा.

विसर्जनाची मिरवणूक आणि डीजे या वर्षी नको. गोंगाटात धडधाकट माणसालाही बोलणं नीट ऐकू येत नाही.

आता माणसांमुळे होणारं नुकसान, कारण तेही मी भरपूर पाहिलंय. येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो. कबुतराच्या रक्ताने मालीश हा तर आपल्या भागात अर्धांगवायूवरचा ठरलेला सल्ला. ऐकून घ्या, "बरं" म्हणा आणि सोडून द्या. पण कोणी रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला सांगितलं तर तिथे "बरं" सुद्धा म्हणू नका. त्या गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठी आहेत. दुसरं, प्रेमाने भरवणारे. झटक्यानंतर काहींना गिळायला त्रास होतो. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो का, ते बघा. होत असेल तर गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय कोणाच्याही हातचा पेढा, चणे, चहा नको. आणि मंडळातल्या चार जणांना एवढं शिकवून ठेवा : चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलेना, बोलणं अचानक आणखी बिघडलं, तर वाट न बघता १०८ लावायचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि घड्याळ झटका आल्या क्षणापासून चालू होतं, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे.

वडील सारखे भिंतीकडे तोंड करून पडतात, जेवण कमी झालंय, रात्री दोनला जागे होतात, असंही तुम्ही लिहिलंय. हे नुसतं रागावणं नसावं. झटका आलेल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना नंतर नैराश्य येतं आणि ते औषधाने सुधारतं. बोलता येत नसल्यामुळे ते सांगू शकत नाहीत, म्हणून ते राहून जातं. मंडळाआधी त्यांच्या डॉक्टरांना हे सांगा. उदास माणसाला जबरदस्तीने गर्दीत नेलं तर तो आणखी आत जातो.

आणि आई. तुमच्या सबंध पत्रात तिच्याविषयी एकच वाक्य आहे, "लोक हसतील". सात महिन्यांत ती एकटी घराबाहेर किती वेळा पडली? माझ्या अनुभवात घरातली बाई आधी भिशी सोडते, मग भजन, मग हळदीकुंकवाला "यांना सोडून कशी येऊ" म्हणते, आणि वर्षाच्या आत तिचा रक्तदाब वाढलेला असतो. लोक हसतील ही भीती तिचं लोकांत जाणं बंद झाल्यामुळेही वाढलेली असू शकते. वडिलांचा तो भांडणारा मित्र दहा वाजता आला की तिने पिशवी उचलून खंडेराव मार्केटात जावं. भाजी आणायला नव्हे, मैत्रिणीबरोबर. मित्राला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो आल्यावर ती चहा ठेवायला उठेल आणि तिथेच अडकेल.

सात महिने झाले म्हणजे आता काही सुधारणार नाही, असं कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, नंतर कमी होतो, पण वर्षं उलटल्यावरही सुधारणा होते. कॅलिफोर्नियातले ते २४ जण जुनेच पेशंट होते.

एक गोष्ट राहिली. तुम्ही मला विचारलंत, मित्रांना विचारलंत, आईला विचारलंत. वडिलांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. उद्या सकाळी, चहा झाल्यावर, तीन मित्रांचे तीन फोटो त्यांच्यापुढे ठेवा. फोनवर नको, छापून आणा, मोठे. खाली जाड अक्षरात नाव लिहा. "यांच्यातलं कोण आलेलं चालेल?" एवढंच विचारा आणि मनात दहा मोजा. चौथा कागद कोरा ठेवा, त्यावर "कोणी नको" लिहा. त्यावर बोट ठेवलं तर फोटो उचलून ठेवा आणि आठ दिवसांनी परत विचारा.